कुलगुरूंना राग येत नसे

आमच्या कुलगुरूंना राग येत नसे. लोक याला मोठेपणा म्हणत. मी त्यांच्या विद्यापीठाची खानावळ चालवली, दोन्ही वेळचं वाढलं. मला विचाराल तर तो त्यांचा सगळ्यांत वाईट गुण होता. रागावणाऱ्या माणसाला निदान काहीतरी खरं वाटत असतं.

विद्यापीठ म्हणजे रोह्याहून वरशाकडे जाताना लागणारी एरवी बंद असणारी भातगिरणी. तेव्हा धाटावला रसायनांच्या कंपन्या नव्या नव्या आल्या होत्या. गावोगावची मॅट्रिक झालेली पोरं हेल्पर म्हणून लागत आणि शिफ्टवरून येताना एकच गोष्ट ऐकून येत, की केमिस्टला खुर्ची मिळते. केमिस्ट व्हायला बी.एस्सी. लागते. बी.एस्सी. व्हायला लांब जावं लागतं. हे कुलगुरूंनी बरोबर हेरलं आणि गिरणीवर पाटी लावली. पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती आणि खोटं कशाला बोलू, अक्षरं देखणी होती. त्या विद्यापीठातली तेवढी एकच गोष्ट बघण्यासारखी होती.

माझा नवरा कंपनीत हेल्पर. मुलगी शैला मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झालेली. मला खानावळीचं काम मिळालं तेव्हा कुलगुरू म्हणाले, मुलीला फी माफ. बाकीच्यांची फी भातात घेत. नवऱ्यानं जाऊन एकच प्रश्न विचारला.

"सर, याला मान्यता हाय काय?"

कुलगुरू हसले. "नालंदेला कोणी मान्यता दिली होती?"

नवरा घरी आला आणि मला म्हणाला, "नालंदेला पन नव्हती गो." जसं काही आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं जाऊन आलो होतो.

शैलाचा शाळा सोडल्याचा दाखला कुलगुरूंच्या लोखंडी कपाटात गेला. सगळ्याच पोरांचे गेले. कपाटाची किल्ली ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालत.

त्यांचा झगा सगळ्या रोह्याला माहीत होता. काळा, पायघोळ, लाल काठाचा. वैशाखातसुद्धा अंगावर. एकदा तसेच मासळीबाजारात आले. माझ्याबरोबर बोंबील बघायला आले होते, कारण आहारावर कुलगुरूंचं लक्ष पाहिजे म्हणे. कोळीण त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"काय वकीलसायेब, आज कोर्ट हितं भरलंय काय?"

"बाई, मी वकील नाही. मी कुलगुरू."

"व्हय काय? मग जरा तिकडं सरा. काळं बघून मांजरा बिचकतात नि गिऱ्हाईक पन."

दुसरा कोणी असता तर लाजला असता, नाहीतर चिडला असता. हे म्हणाले, "निरीक्षणशक्ती उत्तम आहे," आणि तिला प्राणिशास्त्र शिकवायला येण्याचं निमंत्रण दिलं. ती आली नाही. तिला धंदा होता.

ते बोलत पुस्तकासारखं. आमच्याकडे सगळे नाय, व्हय, हाय म्हणतात, त्यांच्या तोंडी कधी चुकूनही यायचं नाही. भाताला ते ओदन म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला.

गिरणीच्या मालकानं एक अट घातली होती. सुगीत गिरणी चालू करायची. मग पट्टा फिरायला लागला की अख्खी इमारत थरथरे, वरून कोंडा उडे आणि त्या कोंड्यात उभे राहून कुलगुरू विश्वाची उत्पत्ती शिकवत. एक अक्षर कोणाला ऐकू येत नसे. पोरं मान हलवत. शिफ्ट करून आलेली पोरं ती, निम्मी बसल्या जागी झोपलेली, गिरणीच्या थरथरीनं त्यांच्या माना आपोआप हलत. कुलगुरूंना वाटे, आज विषय पोचला.

विज्ञान शाखेची प्रयोगशाळा माझ्या स्वयंपाकघरात. स्टोव्ह माझा, चुना माझ्या नवऱ्याच्या डबीतला, हळद माझी, काचनळ्या तेवढ्या त्यांच्या. हळदीत चुना घातला की लाल होते, हा प्रयोग. पहिल्या वर्षी तो बघायचा. दुसऱ्या वर्षी स्वतः करायचा. तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना करून दाखवायचा. एवढ्यावर बी.एस्सी. संपे. आमच्या सासूबाई हळदीचं कुंकू करत तेव्हा याच्या पुढं गेलेल्या होत्या, पण त्यांना पदवी मिळाली नाही.

परीक्षा तोंडी. कुलगुरू विचारत, "तुला किती मार्क हवेत?" पोरगं सांगे तेवढे देत. एक भिडस्त पोरगा होता, कोलाडच्या बाजूचा, शैलाच्या पुढच्या वर्गातला. त्यानं पस्तीस मागितले. कुलगुरूंना वाईट वाटलं. "माणसानं स्वतःला इतकं कमी लेखू नये," म्हणाले आणि त्याला सोन्याचं पदक जाहीर केलं. पदक मात्र जाहीरच राहिलं.

तोच पोरगा पदवी घेऊन धाटावला मुलाखतीला गेला. साहेबानं विचारलं, लॅबमध्ये काय काय केलंस? पोरगा खरं बोलणारा. म्हणाला, हळद लाल केली. साहेबानं ऑफिसातल्या चार जणांना बोलावलं आणि त्याला परत सांगायला लावलं.

तो परत आला तो थेट कुलगुरूंपुढं उभा राहिला. मी कालथा घेऊन दारातच थांबले, म्हटलं आज काहीतरी होणार.

"सर, तुम्ही आम्हाला फसवलंत."

कुलगुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सत्य बोलायला धैर्य लागतं. आजपासून तू प्राध्यापक."

असं ते विद्यापीठ वाढलं. ज्याला कुठं नोकरी मिळाली नाही तो प्राध्यापक. पगार म्हणजे माझ्या हातचं जेवण. शैलाच्या तिसऱ्या वर्षी पंगत बसली की शिकवणारे जास्त आणि शिकणारे कमी. बिरडं केलं तर वाल प्राध्यापकांनाच पुरत नसत. त्यांतल्या एकाही पोराला घरी सांगायची लाज वाटत नव्हती, हे मला जास्त खुपे. आयांना वाटे, आपला लेक प्राध्यापक झाला. झालाच होता.

शैलाला हे सगळं पहिल्याच वर्षी कळलं होतं, पण बाप ऐकत नव्हता. त्या सोन्याच्या पदकवाल्याचं धाटावला हसं झालं ते बापानं कंपनीच्या कँटीनमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा त्याचे डोळे उघडले. उघडले ते भलतीकडे. म्हणाला, आता पुरे, नागोठण्याचं स्थळ आलंय, देऊन टाकू. त्या मुलाची पहिली बायको माहेरी निघून गेलेली, का गेली ते कोणी सांगत नव्हतं. शैला म्हणाली, अलिबागला नर्सिंगचा कोर्स आहे, मला तिथं जायचंय. बाप म्हणाला, गणपतीच्या आत नाव लागलं तर जा. नाय लागलं तर बोलणी.

अलिबागला तिची निवड झाली. फक्त शाळेचा दाखला पाहिजे होता, अस्सल. तो कपाटात.

शैला सरळ गेली. "सर, माझा दाखला द्या. नर्सिंगला जायचंय."

"शैलाताई," ते म्हणाले, "पदवी घेण्याआधी जाणं म्हणजे अर्धवट जाणं. आणि पदवी घेतल्यावर जायची गरजच काय? नद्या समुद्राला येऊन मिळतात. समुद्र कुठं जातो?"

"समुद्राला ओहोटी लागते, सर."

त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला भूगोल विभागाची उपप्रमुख केलं.

मग मी गेले. पदराला हात पुसत गेले, कारण हात मोकळे असले तर काय करतील याचा मला भरवसा नव्हता. मला त्यांनी शांतपणे समजावलं. म्हणाले, "बाई, दाखला दोघांनाच परत मिळतो. मेलेल्याला आणि काढून टाकलेल्याला. सुदैवानं आपल्याकडे आजवर दोन्ही झालेले नाहीत."

शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलो, दुसरा दाखला द्या म्हणून. ते म्हणाले, पहिला हरवलाय असं पोलिसांकडून लिहून आणा. पोलीस म्हणाला, "हरवलाय कुठं? कुलगुरूंच्या कपाटात हाय, सगळ्या रोह्याला ठाऊक हाय." खरं होतं.

मग शैलानं ठरवलं की स्वतःला काढून घ्यायचं. वर्गात जायची बंद झाली. कुलगुरू म्हणाले, स्वाध्याय. सगळ्यांसमोर काचनळ्या फोडल्या. म्हणाले, विज्ञानाला किंमत मोजावी लागते. पाटीखाली कोळशानं लिहिलं, 'येथे हळद लाल करून मिळेल.' त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि अक्षर सुधारायला सांगितलं. मी माझ्या परीनं हातभार लावला. आमटीत मूठभर मीठ जास्तीचं घातलं. प्राध्यापक ओकायला पळाले. हे ताट पुसून जेवले, वर म्हणाले, "बाई, आज समुद्राची आठवण झाली."

अशा माणसाशी भांडणार कसं? भिंतीला डोकं आपटलं तर निदान भिंत कडक लागते.

गणपती जवळ आले तसं विद्यापीठ पेणला निघालं. दरवर्षी जायचं. कुलगुरू त्याला पेण परिसराचा दौरा म्हणत आणि पोरांना सांगत, रंगांचं रसायनशास्त्र. परिसर म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा गणपतीचा कारखाना. पोरं फुकटात मूर्तींना अंगरंग देत, किरीट रंगवत, मुंबईच्या ट्रकात चढवत. त्या वर्षी पोरांचं जेवण करायला मीपण गेले. मनात एवढंच, की शैलाला एकटी सोडायची नाही आणि जमलं तर शेवटचं पाय धरून बघायचं.

पेणला पोचलो आणि मला कुलगुरू ओळखू आले नाहीत. झगा नाही. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, कानाला ब्रश. गळ्यात तो काळा दोरा तेवढा होता. भाऊ आतून ओरडला, "बारक्या, दारची मूर्त सुकली रं, डोळं घे," आणि आमचे कुलगुरू धावत गेले.

भाऊ सरळ माणूस. चहा घेता घेता मला म्हणाला, "वयनी, तिकडं रोह्याला हा काय करतो आमाला काय कळत नाय. शाळेत कायतरी करतो म्हनतात. पन चौथीनंतर ह्यो शाळेत गेलाच नाय. बापानं बसवला आखनीला. आता सगळ्या पेनमध्ये डोळं काढावं तर ह्यानंच. मुंबैची मंडळं हाच पायजे म्हनून अडून बसतात."

म्हणजे माझ्याएवढेच शिकलेले. चौथी. मी चहा पीत राहिले. मला हसू आलं नाही, उलट संताप आला. चौथी झालेल्या माणसाला चौथी म्हणून जगता येतं, मी जगतच होते.

डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते. मूर्ती रंगून तयार असते, पण आंधळी. मग आखणी करणारा बसतो आणि ती बघायला लागते. कुलगुरू तिथं बसले की बोलायचे बंद होत. पोरांना जवळ यायची बंदी. गेल्या वर्षी एका पोरानं त्यांच्या ब्रशाच्या डब्याला हात लावला, तर त्यांनी तो हात मनगटापासून झटकला होता. शैलानं ते पाहिलं होतं.

दुपारी ती माझ्याजवळ आली. "आई, त्यांना राग येतो."

"येडी झालीस काय गो? कुठं येतो?"

"हितं येतो."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं ती काय करणार आहे. थांबवायला पाहिजे होतं असं लोक म्हणतील. मूर्तीत अजून देव आलेला नव्हता, ती माती होती. नागोठण्याचा नवरा मात्र जिवंत होता.

दाराजवळ एका मुंबईच्या मंडळाची मोठी मूर्ती होती. तिचा उजवा डोळा झाला होता. कुलगुरू हात मोकळा करायला मागच्या पडवीत गेले. शैला स्टुलावर चढली, त्यांच्याच डब्यातला ब्रश घेतला, काळ्यात बुडवला आणि डाव्या डोळ्यात बुबुळ काढून टाकलं. काढलं ते अगदी कानाच्या बाजूला. बाप्पा एका डोळ्यानं समोर बघत होते आणि दुसऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

कुलगुरू आले. दारातच थांबले. त्यांचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं.

"कोनी केलं ह्ये?"

त्यांच्या तोंडून असं बोलणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. एक पोरगा तर मागं वळून बघायला लागला, दुसरंच कोणी बोललं काय म्हणून.

"मी," शैला म्हणाली. स्टुलावरून उतरली नाही.

"का गो? का केलंस?"

"तुम्ही मला हळदीवर केमिस्ट केलंत. ओहोटी म्हटल्यावर भूगोलाची केलंत. म्हटलं, हेपण येतंय का बघावं."

"शिकल्याबिगर हात लावलास? बारा वर्सं मी नुसतं बुबुळ काढीत होतो, बापानं पापनीला हात लावू दिला नाय! ह्ये काय विद्यापीठ हाय, कोनीपन यावं नि कायपन करावं?"

त्या सोन्याच्या पदकवाल्यानं पहिल्यांदा तोंडावर हात घेतला. मग हसू फुटलं ते सगळ्यांना फुटलं, प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना, ट्रकवाल्या हमालांनासुद्धा. कुलगुरूंच्या भावाला काही कळलं नाही, तोही हसला. एकटी शैला हसली नाही. तिला अजून काम होतं.

"मग मला काढून टाका," ती म्हणाली.

"काढली! नीघ! परत तोंड दाखवू नकोस!"

"दाखला?"

त्यांनी गळ्यातला दोरा ओढला. तुटेना, मग दातानं तोडला आणि किल्ली फेकली. ती रंगाच्या बादलीत पडली. मी कोपरापर्यंत हात घालून काढली. गुलाबी रंग होता, तो पुढं किती दिवस माझ्या नखांतून गेला नाही.

ते आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ओलं फडकं काडीला गुंडाळून त्यांनी तो तिरका डोळा पुसायला घेतला होता. एवढा वेळ ओरडणारा माणूस, पण हात असा, की जणू झोपलेल्या पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढतोय. हसणारी पोरं हळूहळू गप्प झाली आणि भोवती जमली. तीन वर्षांत त्यांना काही शिकायला मिळालं असेल तर ते त्या वेळी. आम्ही बघायला थांबलो नाही. रोह्याची गाडी लागली होती.

एस.टी.त शैला खिडकीशी बसली. नागोठणं मागं पडल्यावर म्हणाली, "आई, तो डोळा नीट होईल ना गो?"

"होईल. तेवढं एकच तर येतं त्यांना."

कपाट मी स्वतः उघडलं. तिचा दाखला काढला आणि किल्ली कुलपातच ठेवून दार उघडं टाकलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. एकेक येऊन आपापला घेऊन गेला. काहींचे प्राध्यापक झाल्याचे कागदही त्यात होते, ते कोणी नेले नाहीत.

कुलगुरू गणपती झाल्यावर परतले. झगा अंगात होता. गिरणीत गेले, बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले. मी भांडी घासून पोत्यात भरत होते.

"सगळे गेले?"

"गेले."

"आणि शैला?"

"अलिबागला. नाव गणपतीच्या आत लागलं, परवाच पोचवून आले."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. निदान मुलगी कशी आहे एवढं विचारतील. ते म्हणाले, "डोळा नीट झाला. पण बाई, त्यापायी माझी सबंध दुपार गेली."

"माझ्या पोरीची तीन वर्षं गेली," मी म्हटलं.

ते उभेच राहिले. वरच्या पाटीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"व्हय," म्हणाले.

पुढं काही बोलतील म्हणून मी थांबले नाही. पोत्याचं तोंड बांधलं. ते तिथंच घुटमळत होते, मग त्यांनी विचारलं, जेवायला काय आहे.

"काय नाय," मी म्हटलं आणि पोतं डोक्यावर घेतलं.